नळाजवळची सहयोगी संस्था

केसाने गळा कापणारी माणसं असतात असं लहानपणापासून ऐकत आले होते. मावशींनी कात्रीने माझा कान कापला. फार नाही, वरची कड, भाजी चिरताना बोटाला लागतं तेवढीच. पण कानातून इतकं रक्त येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हललात, वहिनी," मावशी म्हणाल्या.

मी हलले नव्हते. केस कापून घेताना मी श्वाससुद्धा जपून घेते. आम्ही दोघींनी समोरच्या आरशात पाहिलं. आरशात मी देवळातल्या दगडासारखी बसले होते आणि माझ्या डोक्याशेजारी त्यांचा उजवा हात बारीक थरथरत होता. मावशींनी तो कात्रीसकट एप्रनच्या खिशात घातला. मग खिसा हलू लागला.

कानाला कापूस लावता लावता त्यांनी सांगितलं, "माझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं."

वडिलांचं पुरुषांचं दुकान होतं. आधी दाढीची गिऱ्हाइकं तुटली, कारण वस्तऱ्याशी कोण खेळणार. मग केसांची. शेवटी शेवटी ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसून पेपर वाचायचे आणि पेपर हलायचा म्हणून मोठ्या अक्षरातल्या बातम्याच वाचायचे.

"आजार कसला होता?"

"कुणी विचारलंच नाही. म्हातारपण आहे म्हणाले. तेव्हा तो आज मी आहे तेवढाच होता."

"मग तुम्ही तरी डॉक्टरला दाखवा ना."

"कुठल्या, कोपऱ्यावरच्या? त्याची बायको माझ्याकडे येते. दुपारी दाखवलं की संध्याकाळी गल्लीभर. हात हलणाऱ्या बाईच्या पुढ्यात कोण मान देईल, वहिनी? दुकान गेलं की मी काय करू, ह्यांच्याबरोबर पंप दुरुस्त करू?" आणि मग, पट्टी चिकटवून झाल्यावर, "कुणाला सांगू नका. तुम्हालाच सांगितलंय."

मी शब्द दिला आणि पाळला. आमच्या ह्यांनी कानाला काय झालं विचारलं तेव्हा मी दाराची कडी लागली म्हणाले. "कडी एवढी उंच आहे?" असं ह्यांनी विचारलं. पण हे प्रश्न विचारतात आणि उत्तराआधी खोलीबाहेर जातात, त्यामुळे निभावलं.

त्यानंतरही मी मावशींकडेच जात राहिले. दर खेपेला दोन्ही कान हातांनी दाबून बसायचे, एवढाच फरक. योगायोगाने त्याच सुमारास आमच्या गल्लीत कानांवर येणारे केस ठेवायची टूम निघाली. डॉक्टरची बायको, शिवणकामवाल्या काकू, शाळेतल्या बाई, बघावं तिचे कान झाकलेले. मला बरंच वाटलं. माझी पट्टी त्यात खपून गेली.

मावशींना कात्रीमावशी हे नाव मुलांनी ठेवलं. मुलं म्हणतात ते आया म्हणू लागतात, म्हणून आम्हीही मावशीच म्हणतो, जरी त्या आमच्याच वयाच्या असल्या तरी. लग्न होऊन ह्या गल्लीत आल्या तेव्हा माहेरहून त्यांनी एकच वस्तू आणली, वडिलांची लोखंडी खुर्ची. ती दारातून आत जाईना, तेव्हा दाराची चौकट काढली होती म्हणतात. सासू म्हणाली, सून आली ती सिंहासन घेऊन. रस्त्याकडची खोली मग दुकानाची झाली. मावशींचा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. अत्यंत शांत माणूस, आणि डोक्यावर औषधाला केस नाही. दिव्याखाली अंधार, असं मावशी गिऱ्हाइकांसमोर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात. तो मान हलवून दुजोरा देतो.

किती कापायचे हे मावशी विचारत नाहीत. केसांकडे बघतात आणि ठरवतात. तुम्ही फोनमधला फोटो दाखवलात तर तो नीट बघतात, "छान आहे" म्हणतात आणि त्यांना हवं तेच करतात. त्यांचा दुसरा नियम वडिलांकडून आलेला: वाट बघणाऱ्याचं डोकं कोरडं ठेवायचं नाही. बाकावर कुणी येऊन बसलं, की खुर्चीतलं डोकं तसंच सोडून मावशी आधी त्या नव्या डोक्यात तेलाचे दोन थेंब जिरवतात. वर मालिश फुकट. लोकांना हा प्रेमळपणा वाटतो. मी एकदा कौतुक केलं तर मावशी म्हणाल्या, "प्रेम कसलं? तेलकट डोकं घेऊन माणूस उठून दुसऱ्या दुकानात जात नाही."

आता माझ्या लेकीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. लेक कॉलेजात मेंदूचा अभ्यास करणाऱ्या विभागात नोकरीला आहे. तिथे दरवर्षी लोकांसाठी मेंदू महोत्सव भरवतात. कापडाचे मेंदू, काचेत ठेवलेले खरे मेंदू, झोपेवर व्याख्यान आणि सगळ्यात मोठी गर्दी खेचणारी तारांची टोपी. ती डोक्यावर चढवली की मेंदूतल्या विजेच्या रेघा पडद्यावर दिसतात. टोपीखाली एक चिकट जेल लावावं लागतं. आदल्या वर्षी लोक ते जेल तसंच डोक्यावर घेऊन साळिंदरासारखे घरी गेले आणि तक्रारी आल्या. ह्या वर्षी सहयोगी संस्था जमवायचं काम लेकीच्या गळ्यात पडलं होतं. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि कायम व्हायची की नाही ते ठरवणाऱ्या मॅडमच महोत्सवाच्या प्रमुख होत्या. लेक जेवताना फोनकडे बघायची आणि फोनकडे बघताना जेवायची नाही. मी तिच्या ताटाकडे बघायचे.

इस्पितळ मिळालं, बँक मिळाली, चष्म्याचं दुकान आणि गाद्यांची कंपनी मिळाली, हात थरथरणाऱ्या रुग्णांचा एक संघ मिळाला. राहिलं होतं डोकी धुणारं कुणीतरी.

"मावशी, तुम्ही याल का?" लेकीने दुकानात जाऊन विचारलं. मी मागे उभी होते.

"मेंदूबिंदूचं मला काय कळतंय गं? मी डोक्याच्या बाहेरचं बघते."

"बाहेरचंच काम आहे. टोपी काढली की जेल धुऊन द्यायचं. कात्री लागणार नाही."

कात्री लागणार नाही म्हटल्यावर मावशींनी माझ्याकडे पाहिलं. लेक गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तिथे हाताचे डॉक्टर असतील का हो?"

"मेंदूचे असतील. हात तिथूनच हलतो म्हणे."

"आपल्या गल्लीतलं तिथे कुणी नसेल. सहज विचारल्यासारखं विचारता येईल. सांगा पोरीला, येते म्हणून."

एवढ्यासाठी त्या सहयोगी संस्था झाल्या. बापाचं जे झालं ते आपलं होणार का, हे परक्या माणसाला, परक्या जागी, एकदा विचारायचं. बाकी मेंदूशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

सहयोगी संस्थांची बैठक विभागातल्या एका लांबट खोलीत झाली. मावशी एकट्या जायला तयार नव्हत्या, म्हणून मीही गेले आणि लेकीचा डबा हातात धरून भिंतीशी बसले. दारावर लावायच्या फलकावर कुणाचं चिन्ह केवढं, हा विषय होता. महोत्सवातला दुसरा कुठलाही विषय शेवटपर्यंत निघाला नाही.

बँकेच्या साहेबांचं म्हणणं, बँक वर हवी. इस्पितळाचं म्हणणं, महोत्सव मेंदूचा आहे, पैशाचा नाही. "मेंदूला पैसा कळतो," साहेब म्हणाले.

चष्मेवाले म्हणाले, "आमचं नाव चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं पाहिजे."

"मग तुमचा धंदा कसा होणार?" गादीवाल्याने विचारलं. चष्मेवाल्यांनी ह्यावर विचार केला आणि आकार थोडा कमी करायला मान्यता दिली.

गादीवाल्याला आपलं नाव झोपेच्या व्याख्यानाच्या पडद्यावर सतत हवं होतं. मॅडम म्हणाल्या की व्याख्यानाला अंधार असेल. "चालेल, आम्ही नाव चमकतं करू," तो म्हणाला. "चमकलं तर लोक झोपणार कसे?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "व्याख्यानात झोपायचं नाहीये!" मॅडम पहिल्यांदाच जोरात बोलल्या. लेकीचा चेहरा पांढरा पडला. मी डब्याचं झाकण नीट आहे का ते बघितलं.

शेवटी मॅडमनी मावशींना विचारलं, "आणि तुमचं चिन्ह?"

"मला चिन्ह नाही," मावशी म्हणाल्या. "नाव सगळ्यात खाली टाका. नाही टाकलं तरी चालेल. मला नळाजवळ जागा द्या."

इतकी समंजस संस्था विभागाने पाहिली नव्हती. मॅडमनी ताबडतोब नळाजवळची जागा दिली, आणि तारांची टोपी तिच्या शेजारीच ठेवली, म्हणजे माणूस टोपीतून उठून थेट नळाखाली जाईल. टोपीची वाट बघणाऱ्यांचे बाक मावशींच्या पुढ्यात आले. ही मांडणी कागदावर फार सोयीची दिसत होती.

महोत्सवाच्या दिवशी मी डबा पोचवायच्या निमित्ताने गेले आणि राहिले. आत शिरताच पाहते तो आमची अर्धी गल्ली तिथे. डॉक्टरची बायको, शिवणकामवाल्या काकू, शाळेतल्या बाई. मावशी फुकट डोकं धुऊन देणार ही बातमी कुणी दिली होती कोण जाणे. मी फक्त शिवणकामवाल्या काकूंनाच सांगितलं होतं. मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी काचेतल्या मेंदूकडे वळले.

समोरच रुग्णसंघाचं टेबल होतं. तिथे एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर बसले होते. त्यांचा स्वतःचा हात हलत होता, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कागद देऊन शंखावर असतात तशी गोल गोल फिरत जाणारी रेघ काढायला लावत होते. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्यांनी निवृत्तीनंतरही जपला होता. "मनगट टेकवायचं नाही! ए, टेकवलंस!" इस्पितळाची एक तरुण डॉक्टरीण शेजारी बसून त्या रेघा बघत होती. मावशी दोन-तीनदा त्या टेबलाच्या दिशेने निघाल्या, आणि दर वेळी वाटेत गल्लीतलं कुणीतरी भेटलं. मग त्या नळाशी परतल्या.

टोपीचं काम मात्र सुरुवातीपासूनच बिघडलं. पहिल्या माणसाच्या रेघा पडद्यावर आल्या त्या नुसत्या वेड्यावाकड्या. दुसऱ्याच्याही तशाच. यंत्र सांभाळणाऱ्याने तारा बदलल्या. मग पंखा बंद केला. मग गादीवाल्याच्या मालिश करणाऱ्या गादीवर संशय घेऊन तिची वायर काढली.

"आमच्या गादीवर मेंदू शांत होतो, बिघडत नाही," गादीवाला म्हणाला आणि त्याने वायर परत लावली.

यंत्रवाल्याने ती परत काढली. तेवढ्यात बँकेचे साहेब स्वतः टोपीत बसायला आले. त्यांच्या डोक्यावर जेल थापलं, टोपी चढवली, आणि पडद्यावर एखाद्या रागावलेल्या मुलाने खडू घासावा तसं काहीतरी उमटलं. मॅडम पडद्याजवळ गेल्या, लांब आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आपला मेंदू फारच कार्यरत आहे."

"कामाचा ताण," साहेब समाधानाने म्हणाले.

लेक माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "आई, संपलं," ती म्हणाली. "यंत्र भाड्याचं आहे, मॅडम बघतायत." मी तिला डबा उघडून दोन घास खायला सांगणार होते, तेवढ्यात तिने नाक वर केलं. एकदा हुंगलं. साहेबांच्या डोक्याजवळ जाऊन परत हुंगलं. साहेब थोडे मागे सरकले.

"मावशी," लेक म्हणाली, "तुम्ही ह्यांना तेल लावलंत?"

"दोन थेंब," मावशी म्हणाल्या.

"सगळ्यांना?"

"नुसते बसले होते गं बाकावर. कोरडी डोकी घेऊन."

तेल असलं की तारा डोक्याला नीट चिकटत नाहीत आणि मेंदूऐवजी खोलीभरातली वीज रेघांत शिरते, हे लेकीने मावशींना भर गर्दीत समजावून सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे आधी धुवायचं?"

"आधी."

"आणि नंतरही धुवायचं."

"हो."

"मग उभी काय राहिलीस? रांग लाव," मावशी म्हणाल्या आणि बाह्या वर सरसावल्या.

यंत्र ठीक आहे म्हटल्यावर मॅडमचा चेहरा सैल झाला. गादीवाल्याने आपली वायर परत लावली, सगळ्यांकडे बघत. साहेब मात्र दुसऱ्यांदा टोपीत बसायला तयार झाले नाहीत. पहिला निकालच त्यांना पसंत होता.

मावशी डोकी धुऊ लागल्या. केसांत बोटं असली की त्यांचा हात अगदी स्थिर, कारण डोक्याचा आधार असतो. पण दर डोक्याला मगाने पाणी घालावं लागायचं आणि तो उचलला की पाणी कडेवरून सांडायचं. मी तो मग आपल्या हातात घ्यायला पुढे होत होते, इतक्यात ड्रॉइंगमास्तर बाटली भरायला नळाशी आले. त्यांनी मगाकडे पाहिलं.

"बाई!" ते आनंदाने म्हणाले. "तुमचा हात आमच्या संघातला दिसतोय!"

तो आवाज झोपेच्या व्याख्यानापर्यंत गेला असणार. रांग वळली. मावशींच्या हातातला मग तसाच हवेत राहिला, हलत. त्यांना जे जन्मात गल्लीला कळू द्यायचं नव्हतं ते गल्लीसमोरच, आणि तेही मीच बोलावून आणलेल्या गल्लीसमोर, असं झालं होतं. नळ चालू होता. तो बंद करायला पाहिजे हे मला कळत होतं, पण जमत नव्हतं.

नळाखाली डॉक्टरची बायको होती, डोळे मिटून, फेसात. तीच बोलली. "मास्तर, हळू बोला. ते आम्हाला माहीत आहे."

"आम्हाला म्हणजे?" शिवणकामवाल्या काकूंनी विचारलं.

"म्हणजे मला. मला सांगितलं होतं त्यांनी. कुणाला सांगू नका म्हणाल्या."

"तुम्हाला? मला म्हणाल्या, तुम्हालाच सांगितलंय."

"अय्या, मलाही हेच," शाळेतल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कानावरचे केस बाजूला केले. कानाच्या कडेला छोटीशी खूण होती. काकूंनीही केस उचलले. डॉक्टरच्या बायकोने फेस पुसून आपला कान पुढे केला. मी माझा दाखवला. कानांवरच्या केसांच्या टुमेचं कोडं मला तिथे, नळापाशी, सुटलं.

मावशी एकेका कानाकडे बघत राहिल्या. "म्हणजे एकेकीला करत मी सगळ्यांनाच सांगितलं?" त्यांनी विचारलं. "मग येत का राहिलात गं?"

"तेल लावून बसवता तुम्ही," काकू म्हणाल्या. "उठून जाणार कुठे?"

हसायला सुरुवात कुणी केली ते सांगता येत नाही. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मग खाली ठेवला, नळ बंद केला, हात एप्रनला पुसले आणि सगळ्यांच्या देखत समोरच्या टेबलाशी जाऊन बसल्या. आता लपवायला काही राहिलं नव्हतं, त्यामुळे वाटेत कुणी भेटलं तरी अडायचं कारण नव्हतं.

"मनगट टेकवायचं नाही," मास्तर म्हणाले, ह्या वेळी हळू.

मावशींची रेघ शंखासारखी निघाली आणि कडेकडेने करवतीसारखी झाली. डॉक्टरणीने ती पाहिली. हात मांडीवर ठेवायला लावला. तो शांत राहिला. भरलेला पेला उचलायला लावला, तो हिंदकळला.

"घरात आणखी कुणाचा हलायचा?"

"वडिलांचा."

"बसल्या बसल्या हलायचा, की काही धरल्यावर?"

मावशींनी आठवून पाहिलं. "पेपर धरल्यावर. नुसता खुर्चीच्या दांडीवर असला की नाही."

"नंतर त्यांचं चालणं बिघडलं? बोलणं?"

"छे. खणखणीत होता. शेवटपर्यंत मला शिव्या घालायचा."

डॉक्टरीण म्हणाली, इथे बसून नक्की सांगता येणार नाही, दवाखान्यात या, तपासू. पण घराण्यात चालत येणारा एक कंप असतो. तो हाताला छळतो, जिवाला नाही. गोळीने बऱ्याच जणांना उतार पडतो.

मावशी उठल्या, नळाशी आल्या आणि डॉक्टरच्या बायकोचं उरलेलं डोकं धुतलं. पाण्याचा मग मी धरला. बऱ्याच वेळाने, कुणाला उद्देशून नाही अशा त्या म्हणाल्या, "म्हणजे बापाला गोळी होती." मी पाणी घालत राहिले.

तपासणीत तेच निघालं, घराण्यातला कंप. गोळी सुरू झाली. थरथर कमी झाली, गेली नाही. जाणारही नाही, असं डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं. लेकीची नोकरी कायम झाली. मॅडमनी अहवालात लिहिलं की डोकी आधी धुतल्यामुळे ह्या वर्षीच्या रेघा आजवरच्या सर्वांत स्वच्छ आल्या. लेक जेवते आहे, पण फोन अजून ताटाशेजारीच असतो.

आणि गादीवाल्याने महिनाभराने मावशींच्या दुकानात एक पुडकं पाठवलं. वायर दोनदा काढल्याचा राग त्याला होताच, पण त्या दिवशी कान त्यानेही पाहिले होते. पुडक्यात गादीच्या फोमचे कापलेले तुकडे होते, कानांवर बसतील असे, आणि प्रत्येकावर त्याच्या कंपनीचं नाव ठळक, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.

परवा मी केस कापायला गेले. बाकावर बसताच डोक्यात दोन थेंब पडले. खुर्चीत बसल्यावर मावशींनी दोन्ही कानांवर फोम चढवला, त्यामुळे मला जगातलं अर्धंच ऐकू येत होतं. कानांवर येणारे केस आता गल्लीत कुणी ठेवत नाही, मीही नको म्हटलं. मावशींनी ऐकलं नाही, केसांकडे बघून काय ते ठरवलं.

कात्री कानाजवळ आली आणि थांबली. मी श्वास धरला. आरशात त्या आपल्या हाताकडे बघत होत्या, रडणारं मूल गप्प व्हायची वाट बघावी तशा.

"मी हलले का?" मी विचारलं.

"नाही, वहिनी," मावशी म्हणाल्या. "मी हलतेय. थांबा जरा."

मी थांबले. मग त्यांनी कापलं.